मोजणीच्या तक्त्यातून ओळी पाडताना या चुका टाळा

मोजणीच्या तक्त्यात एका ओळीत गट आणि त्यातली माणसं किती हे असतं; ओळी पाडणं म्हणजे दर माणसामागे एक ओळ करणं. कोल्हापुरात संशोधन करणाऱ्या मुलांचा डेटा तपासून देताना एकच चूक इतक्यांदा पाहिली आहे, की आता फाइल उघडली की आधी शेवटची ओळ बघते. तिथे ‘एकूण’ लिहिलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा आला. करवीर, शिरोळ, कागल हे तीन तालुके, उसाला ठिबक आहे की नाही, आणि पुढे संख्या. शेतकरी ४१२. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळी पाडणारं अनकाउंट चालवलं, ओळी ८२४ आल्या. ‘मॅडम, संख्येच्या कॉलमची बेरीज जुळते की!’ जुळणारच, ‘एकूण’च्या ओळी त्याच बेरजेत होत्या. घात असा, की ठिबकची टक्केवारी बदलत नाही. काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध तपासणाऱ्या चाचणीचा आकडा, तोसुद्धा तोच राहतो, ६.६. पण एक खोटा तालुका वाढल्याने डिग्री ऑफ फ्रीडम (गटांच्या संख्येवरून ठरणारा आकडा) २ ची ३ झाली आणि पी-व्हॅल्यू (संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०३७ वरून ०.०८६ वर, म्हणजे नेहमीच्या ०.०५ या मर्यादेपलीकडे गेली. तालुक्याचा ठिबकशी संबंध नाही, असं त्याने लिहूनही टाकलं होतं. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. मी ओळींची संख्या फाइलशी ताडत नाही. भरलेल्या फॉर्मच्या गठ्ठ्याशी ताडते.

शून्य संख्येची ओळ आरमध्ये आपोआप गळते. स्टाटा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं ओळी पाडणारं एक्स्पांड मात्र शून्यालाही एक धरतं आणि ओळ ठेवून देतं. आरसोबत येणारा टायटॅनिकचा तक्ता घ्या: ३२ ओळी, त्यातल्या ८ शून्याच्या, माणसं २२०१. स्टाटात थेट वाढवलात तर २२०९ होतात, म्हणजे जहाजावर नसलेली आठ माणसं. आधी शून्याच्या ओळी काढा.

आरमध्ये संख्या फॅक्टर (गटांच्या नावांचा कॉलम) म्हणून वाचली गेली असेल तर थेट आकड्यात बदलू नका, खऱ्या आकड्यांऐवजी लेव्हलचे, म्हणजे त्या गटांचे, अनुक्रमांक हाती येतात; आधी मजकूर करा, मग आकडा.

ओळी पाडायला आरमधलं रेप (तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिणारं फंक्शन) वापरलं की संख्येचा कॉलम मागे राहतो. चुकून पुन्हा चालवलं तर ३० संख्येच्या ओळीच्या ३० ऐवजी ९०० ओळी होतात. कॉलम तिथल्या तिथे काढून टाकावा.

आणि घाईने ओळी पाडायला बसण्याआधी गरज आहे का ते बघा. काय-स्क्वेअरला नाही, आरमधल्या एक्सटॅब्स या तक्ता करणाऱ्या फंक्शनला संख्या दिली की तक्ता तयार. एलएम, म्हणजे आरमधलं सरळ रेषा बसवणारं फंक्शन, त्याच्या वेट्समध्ये (प्रत्येक ओळीचं वजन) मात्र संख्या टाकू नका, रेषेचा उतार बरोबर येतो, स्टँडर्ड एरर (त्या उताराची अनिश्चितता) चुकते. तिथे ओळी पाडलेल्या बऱ्या.