माळ घालून बिग बँग शिकवायचं असेल तर

मी हिंगोली जिल्ह्यात विज्ञान शिकवतो आणि माळकरी आहे. त्यामुळं दरवर्षी कोणीतरी लेकरू विचारतंच, "सर, जग देवानं केलं का बिग बँगनं?" तुमच्या घरी हा प्रश्न आला तर काय करायचं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे दोघांची कुस्ती लावू नका. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त, दाट अवस्थेतून पसरू लागलं, हे विज्ञान सांगतं; यालाच बिग बँग म्हणतात. मुळात काहीतरी आहेच कशाला, हे दुर्बिणीत दिसत नाही. तिथं श्रद्धेला बोलू द्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं. जे कळलं नाही तिथं देव बसवू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा 'देव कोपला' म्हणणारे होतेच. अहो, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी! गणपती बोळवून निजलेल्या माणसांवर देव कशाला कोपेल? भारतीय भूखंड उत्तरेकडं रेटला जातो, खडकात ताण साचतो आणि जमिनीतल्या जुन्या कमजोर जागी तो सुटतो. माणसं गेली ती बहुतेक दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदाखाली. म्हणून पाया घालताना इंजिनिअरला विचारा, देवाला वास्तुशांतीला बोलवा.

उलटंही करू नका. पुराणात विमानं, अणुबॉम्ब शोधायचे नाहीत. उद्या सिद्धांत सुधारला तर पोथी खोडणार का? जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री. विश्व प्रसरण पावतंय, हे त्यानं १९२७ मध्ये गणितानं मांडलं. पुढं १९५१ मध्ये पोपनी विश्वाच्या या आरंभाचा धागा बायबलमधल्या निर्मितीशी जोडला, ते या पाद्र्यालाच रुचलं नाही.

शंका घेणं पाप वाटत असेल, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त वाचा. ही सृष्टी कुठून झाली, हे वरून पाहणाऱ्याला ठाऊक असेल किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून ते थांबतं.

जमलं तर लेकरांना औंढ्याला न्या. नागनाथाचं दर्शन घ्या. मग सांगा की याच तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना उठणारे गुरुत्वीय तरंग टिपायला तिला ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा असणार आहेत. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचरांची गोष्टही तिथंच सांगा. पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा नामदेवांना म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. मग विज्ञानानं एखादं कोडं सोडवलं म्हणून देवाची जागा कमी कशी होईल?

एवढं करूनही पोरगं 'मी देव मानत नाही' म्हणालं तर रागावू नका, त्याचं ऐकून घ्या.

आणि परीक्षेचं. पेपरावर वर 'श्री' लिहा, माझी हरकत नाही. पण भूकंपाच्या कारणात देवाचा कोप लिहिला, तर मी माळकरी असलो तरी मार्क कापतो.