आंग्र्यांच्या काळातलं गलबत: १:४८ प्रमाणात लाकडी मॉडेल कसं बांधावं

बाजारात मिळणारे जहाजांचे लाकडी संच बहुतेक पाश्चात्त्य जहाजांचे असतात. मराठा आरमारातलं गलबत बांधायचं तर मापं काढण्यापासून सगळं आपल्यालाच करावं लागतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाच्या बंदरातच जळालं, त्यामुळे मोजपट्टी लावायला समोर जहाज नाही. मात्र त्याच काळातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराब (गलबताहून मोठं लढाऊ जहाज) आणि गलबत यांचं नेमकं वर्णन लिहून ठेवलं आहे, आणि मॉडेलसाठी ते पुरतं.

त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा. बांधणी गुराबेसारखीच, पण आकार लहान. मोठ्यातलं मोठं गलबतही क्वचितच ७० टनांपुढे जाई. तळ उथळ, रुंदी लांबीच्या मानाने जास्त. पुढे गोल छाती नाही, तर लांब बाहेर आलेली चोच. डोलकाठ्या दोन, त्यातली मागची अगदी बारीक. मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, ज्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जातं. ४० ते ५० वल्ही. मोठ्या गलबतांवर पक्का डेक आणि २ ते ४ पौंडी ६-८ तोफा, तर काहींवर चिरलेल्या बांबूंचा हलका डेक आणि काठावर फिरत्या लहान तोफा. यातला एकच प्रकार निवडा. बांबूचा डेक आणि त्यावर गाड्यावरच्या तोफा अशी सरमिसळ करू नका. इथे पक्क्या डेकचं मोठं गलबत घेतलं आहे.

मापं

टनावरून लांबी-रुंदी काढायला त्या काळच्या इंग्रजी मोजणीचा ढोबळ हिशोब वापरता येतो: पठाणाची (म्हणजे जहाजाच्या तळाशी लांबीभर जाणाऱ्या मुख्य लाकडाची) लांबी × रुंदी × अर्धी रुंदी ÷ ९४, सगळं फुटांत. ५० × १६ × ८ ÷ ९४ म्हणजे सुमारे ६८ टन. म्हणजे ५० फूट पठाण आणि १६ फूट रुंदी धरायला हरकत नाही. १:४८ या प्रमाणात १ फूट म्हणजे ६.३५ मिमी. त्यानुसार पठाण ३१८ मिमी, रुंदी १०२ मिमी, डेकची लांबी ४०० मिमी, त्यापुढे ६० मिमी चोच. पठाणाच्या खालच्या कडेपासून डेकपर्यंत मध्यभागी ४५ मिमी उंची ठेवा. डेकची रेघ पुढे १२ मिमी आणि मागे १६ मिमी वर चढू द्या. ही वळणदार रेघ सपाट राहिली, तर बाकी काम कितीही सुबक झालं तरी मॉडेल होडीसारखं न दिसता खोक्यासारखं दिसतं.

सामान

सांगाड्यासाठी ४ मिमी आणि ३ मिमी प्लाय. पहिल्या थरासाठी पाइनच्या १.५ × ५ मिमी पट्ट्या, ४५० मिमी लांबीच्या, साधारण ४० नग. बाहेरच्या थरासाठी ०.६ मिमी सागवानी व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), १ × ३ फुटांचा तुकडा. पठाण आणि नाळ (पुढच्या टोकाचं उभं लाकूड) यांसाठी सुताराकडचे सागाचे ५ मिमी जाडीचे तुकडे. डोलकाठ्यांसाठी सरळ रेषांचं हळदू किंवा साग. वल्ह्यांसाठी कबाबाच्या बांबूच्या काड्या, शिडांसाठी मलमल, ५ मिमी पितळी सळई, पॉलिएस्टरचा दोरा आणि मधमाशीचं मेण.

पूर्ण गलबत सागाच्याच जाड पट्ट्यांनी बांधण्याचा मोह होतो, कारण अस्सल गलबतं सागाची. पण बारीक पट्टी तीव्र वळणावर वाकवताना साग मोडतो आणि त्याच्या तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. आत पाइन आणि वरून सागाचं व्हिनियर, ही जोडी दोन्ही अडचणी सोडवते. लाकूड आणल्यावर दोन आठवडे त्याच खोलीत उघडं ठेवा. कोकणात किंवा मुंबईत भर पावसाळ्यात फळ्या चिकटवल्या, तर डिसेंबरात त्यांच्यात हमखास फटी पडतात.

सांगाडा

४ मिमी प्लायमधून मधला उभा कणा कापा आणि त्यावर ३ मिमी प्लायच्या ११ आडव्या बरगड्या खाचांत बसवा. पहिली बरगडी डेकच्या पुढच्या टोकापासून ४० मिमीवर, पुढच्या प्रत्येकी ३३ मिमी अंतरावर. डेकच्या पातळीवर बरगड्यांची रुंदी पुढून मागे अशी: ३०, ५२, ७०, ८४, ९४, ९८, ९७, ९२, ८३, ७०, ५२ मिमी. सर्वांत मागे ३४ मिमी रुंदीची सपाट पाटी. सहावी बरगडी १०२ ऐवजी ९८ का, तर दोन्ही बाजूंना फळ्यांचे दोन थर मिळून सुमारे ४ मिमी वाढतात. हे वजा करायचं राहिलं की गलबत जाडं होतं आणि पुढची सगळी मापं चुकतात.

मधल्या बरगड्यांचा तळ रुंद आणि जवळजवळ सपाट, कोपरे गोल. पुढच्या तीन बरगड्या हळूहळू उभट होत नाळेशी धारदार होतात. दुकानातला ‘४ मिमी’ प्लाय प्रत्यक्षात ३.६ मिमीही भरतो, म्हणून खाचा कापण्याआधी व्हर्नियरने जाडी मोजा. बरगडी हाताने सहज सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. कणा दोन सरळ पट्ट्यांमध्ये घट्ट आवळा आणि प्रत्येक बरगडी गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावूनच फेविकॉलने चिकटवा. पहिल्या बरगडीपुढची आणि शेवटच्या बरगडीमागची पोकळी बाल्साच्या ठोकळ्यांनी भरून घासा, नाहीतर तिथे पट्ट्यांना टेकायला काही मिळत नाही.

आता ३०० मिमी लांब लवचीक फळीवर १०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि एका वेळी निदान तीन बरगड्यांवर टेकेल अशा बेताने घासा. अधूनमधून एक पाइनची पट्टी पुढून मागे धरून पाहा. ती प्रत्येक बरगडीच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. जिथे फक्त कडेला टेकते तिथे अजून घासायचं, जिथे टेकतच नाही तिथे व्हिनियरचा तुकडा चिकटवून भर घालायची. या कामाला घाई केली की तळावर उंचवटे दिसतात, आणि वरचं व्हिनियर ते झाकत नाही, उलट उठावदार करतं.

पहिला थर

डेकच्या कडेपासून खाली येत जा. एक पट्टी डावीकडे, लगेच तिची जोडीदार उजवीकडे. एकाच बाजूने पाच-सहा पट्ट्या लावल्या तर कणा त्या बाजूला धनुष्यासारखा वाकतो, आणि तो नंतर सरळ होत नाही.

सहाव्या बरगडीवर कागदाची पट्टी गुंडाळून डेकपासून पठाणापर्यंतचा घेर मोजा. तो साधारण ७५ मिमी भरेल, म्हणजे ५ मिमीच्या १५ पट्ट्या. पहिल्या बरगडीवर घेर ५१ मिमीच्या आसपास येतो. तिथेही १५ पट्ट्याच मावायच्या, म्हणून प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला ३.४ मिमीपर्यंत निमुळती करायची. शेवटच्या बरगडीवर ५८ मिमी, म्हणजे ३.९ मिमी. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, तेव्हा भागाकार स्वतःच्या सांगाड्यावरून करा. पट्टी निम्म्याहून अरुंद, म्हणजे २.५ मिमीच्या खाली जायला लागली, तर निमुळती करण्याऐवजी दोन पट्ट्या संपवून त्यांच्या जागी एक पुढे न्या. निमुळतं न करता पट्ट्या नुसत्या दाबून बसवल्या की त्या कडेवर उभ्या राहतात आणि नाळेजवळ पायऱ्या तयार होतात.

वाकवायची पट्टी अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, सांगाड्यावर चिमट्यांनी आवळून वाळवा आणि मगच गोंद लावा. ओली पट्टी चिकटवली तर वाळताना आकसते. टाचण्या अर्ध्याच ठोका, म्हणजे काढता येतील. फेव्हिक्विक इथे चालतं, कारण हा थर दिसणार नाही. पूर्ण वाळल्यावर लाकडाचा भुसा आणि फेविकॉल यांच्या लगद्याने फटी भरून १८० नंबरने घासा. मग पठाण, नाळ आणि मागचा खांब सागात बसवा. त्यांच्या कडेला व्हिनियर टेकेल, म्हणून ते आधी.

सागाचा थर

व्हिनियरच्या ४.५ मिमी पट्ट्या पोलादी पट्टी आणि नवीन ब्लेडने, रेषांच्या दिशेत, तीन-चार हलक्या घावांत कापा. एका घावात कापायला गेलं की ब्लेड रेषेबरोबर भरकटतं. ४.५ मिमी म्हणजे खऱ्या मापात साडेआठ इंचांची फळी. पट्ट्यांचे तुकडे १२५ मिमीच्या आसपास ठेवा, म्हणजे साधारण २० फूट. सांधा बरगडीवरच यावा आणि शेजारच्या पट्टीचा सांधा त्याच बरगडीवर येऊ नये.

चिकटवण्यापूर्वी मागची बाजू थिनरने पुसा. मग दोन्ही पृष्ठभागांवर फेविकॉलचा पातळ थर लावून वाळू द्या, पट्टी जागेवर धरा आणि मध्यम गरम इस्त्रीच्या टोकाने दाबा. वाळलेला गोंद उष्णतेने मऊ होऊन धरतो, आणि चुकल्यास पुन्हा इस्त्री लावून पट्टी सोडवताही येते. काळफातीची, म्हणजे फळ्यांमधल्या बुजवलेल्या फटीची, काळी रेघ दाखवायला पट्टीची कड ४बी पेन्सिलने काळी करा. मार्कर वापरू नका. शेवटी लावायच्या चपडीतलं (शेलॅक पॉलिशमधलं) स्पिरिट त्याची शाई विरघळवून पूर्ण बाजू काळवंडून टाकतं.

डेक, कठडा आणि चोच

कठडा १.५ मिमी प्लायचा, १९ मिमी उंच, आतून-बाहेरून व्हिनियर लावलेला. तो चोचीच्या मागे, आडव्या भिंतीपाशी संपतो. चोच मात्र उघडीच ठेवायची. समोरून लाटा आल्या की ही बांधणी जोरात नाक घालते, आणि अंगावर आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जावं म्हणून तिथे कठडा नसे. हौशी मॉडेलांत तिथे सुंदर कोरीव कठडा लावलेला दिसतो. दिसायला छान, पण गलबताची ओळखच त्याने पुसली जाते.

वल्ह्यांसाठी प्रत्येक बाजूला २० खुंट्या हव्यात. दोन खुंट्यांमध्ये १७.५ मिमी, एकूण १९ अंतरं म्हणजे ३३२ मिमी, आणि डेक ४०० मिमी. जेमतेम बसतं, म्हणून कठड्यावर आधी पेन्सिलने खुणा करून मगच १ मिमी भोकं पाडा. वल्ही १२५ मिमी लांब. बांबूची काडी २ मिमीपर्यंत घासून तिला व्हिनियरचं पातं लावा. बांबूला भुंगा हमखास लागतो, त्यामुळे काड्या आधी १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्यात चार-पाच दिवस बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. शीड उभारलेलं दाखवणार असाल तर वल्ही बाहेर काढू नका, डेकवर जुड्या बांधून ठेवा. वाऱ्यावर चाललेलं गलबत वल्हवत नाहीत, शिवाय बाहेर काढलेली ४० वल्ही पहिल्याच झाडलोटीत तुटतात.

सहा तोफा, प्रत्येकी २८ मिमी. पितळी सळईत आधी १.५ मिमीचं भोक पाडा, मग ड्रिलमध्ये फिरवत कानशीने तोंडाकडे ३.५ मिमीपर्यंत उतार द्या. उलट क्रमाने केलं तर भोक मध्यात येत नाही. तोफेचं तोंड दोन खुंट्यांच्या बरोबर मधून बाहेर यायला हवं.

डोलकाठ्या, शीड, दोर

मुख्य डोलकाठी २८५ मिमी, खाली ७ आणि वर ५ मिमी जाड, तिसऱ्या बरगडीच्या लगेच मागे, पुढच्या बाजूला ५ ते ८ अंश कललेली. मागची १६५ मिमी, ४ मिमी जाड, नवव्या बरगडीमागे. चौकोनी काठीला आधी आठ कोन करा, मग ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरने गोल करा. मुख्य परबाण (शीड जिला बांधतात ती तिरकी काठी) ४४५ मिमी लांब, मध्ये ५ आणि टोकांना २.५ मिमी. खरं परबाण दोन-तीन वाशांचे तुकडे एकमेकांवर चढवून दोराने आवळलेलं असे. मॉडेलमध्येही दोन काठ्या अशाच बांधा, कारण एकसंध काठीपेक्षा ती खरी वाटते आणि वाकतही नाही.

मुख्य शीड: परबाणाकडची बाजू ४२० मिमी, खालची ३००, मागची ३६०. कापडाचा उभा धागा मागच्या कडेला समांतर ठेवा, नाहीतर ती कड महिन्याभरात लोंबते. मशीनची शिलाई मारू नका. २ मिमीचा टाका म्हणजे खऱ्या मापात जवळपास १० सेंटिमीटर. कापडाच्या पट्ट्यांचे जोड पेन्सिलने १३ मिमी अंतरावर आखा आणि कडेला ०.५ मिमी दोर चिकटवा. पातळ चहात बुडवून, खळ घालून इस्त्री केली की रंग आणि कडकपणा दोन्ही येतात.

युरोपीय जहाजाच्या सवयी सगळ्यांत जास्त आड येतात त्या दोरांत. इथे दोरांच्या शिड्या नकोत, ताण देणारे गोल लाकडी डोळेही नकोत. प्रत्येक बाजूला तीन आधारदोर, खाली कप्पी लावून कठड्याच्या आत बांधलेले. शीड बाजू बदलताना ते सोडता यावेत, म्हणून ही सोय. परबाण वर ओढणारा दोर सर्वांत जाड, १ मिमी, डोलकाठीच्या माथ्यावरून मागे डेकवर. आधारदोर ०.७ मिमी, बाकी ०.४. रंग काथ्यासारखा फिका तपकिरी, डांबरी काळा नव्हे. दोरा मेणावरून दोन-तीनदा ओढला की त्याची लव बसते. सुती दोरा पावसाळ्यात आवळतो आणि डोलकाठी वाकवतो, म्हणून पॉलिएस्टर.

रंग आणि पेटी

पाण्याची रेघ पठाणाच्या खालच्या कडेपासून २८ मिमीवर, पाण्याच्या पातळीला समांतर, डेकला नव्हे. तिच्याखाली चुना आणि तेलाच्या लेपासारखा मळकट पांढरा: मॅट ॲक्रिलिक पांढऱ्यात थोडा पिवळा गेरू. वर चपडीचे दोन पातळ हात, किंवा उकळलेलं जवसाचं तेल. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा. चमकदार मेलामाइन टाळा, त्याने लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं.

काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी आतून ५४० × १९० × ५३० मिमी करून घ्या. तळपाटात दोन-तीन लहान भोकं ठेवून आतून बारीक जाळी लावा. पूर्ण बंद पेटीत ओल कोंडते आणि शिडावर पहिल्याच पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात.