एमआरआयची तयारी: टाचणीपासून क्रिएटिनिनपर्यंत

तयारी सुरू होते ती अपॉइंटमेंटच्या फोनपासून. अंगात काही बसवलेलं असेल तर ते तेव्हाच सांगायचं: पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, डोक्यातला शंट (मेंदूतलं जादा पाणी काढून देणारी नळी), इन्शुलिन पंप. नुसतं ‘बसवलंय’ म्हणून भागत नाही. शस्त्रक्रियेनंतर मिळालेलं कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद शोधा आणि कंपनीचं नाव नि मॉडेल क्रमांक दिसेल असा फोटो सेंटरला पाठवा. हल्लीचे बरेच पेसमेकर एमआरआयला चालतात, पण अटींवर. मशीन किती टेस्लाचं, म्हणजे चुंबक किती ताकदीचं, हे पाहावं लागतं आणि पेसमेकर खास मोडवर टाकायला जाणकार माणूस हजर लागतो. हे सकाळी काउंटरवर कळलं की तारीख पुढे गेलीच म्हणून समजा. प्रोग्रॅम करता येणाऱ्या काही शंटचं सेटिंग चुंबकामुळे बदलू शकतं, म्हणून स्कॅननंतर ते तपासून घ्यायची सोय आधीच लावून ठेवा.

गुडघ्याची बदललेली वाटी, मांडीतला रॉड, अँजिओप्लास्टीचा स्टेंट, कॉपर-टी, दाताची कॅप यांनी सहसा अडत नाही. तरीही सांगायचंच, कारण धातूच्या आसपासचं चित्र काळं नि वेडंवाकडं येतं. टेक्निशियनला आधी माहीत असेल तर तो त्याप्रमाणे सेटिंग बदलतो. लेथ, ग्राइंडर किंवा वेल्डिंगवर काम केलेल्यांनी मात्र नीट आठवावं: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? वीस वर्षांपूर्वीचा असला तरी सांगा. चुंबकात तो कण सरकला तर दृष्टी जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात, दोन मिनिटांचं काम आहे.

फाइलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी, जुने एमआरआय-सीटी फिल्म किंवा सीडीसकट आणि शस्त्रक्रियांचे कागद असू द्या. चिठ्ठीवर फक्त ‘गुडघा’ असेल तर डावा की उजवा ते लिहून घ्या. ‘कॉन्ट्रास्ट’ लिहिलं असेल तर चित्र उठावदार यावं म्हणून शिरेतून गॅडोलिनियम या औषधाचं इंजेक्शन देतात. मात्रा वजनावर ठरते: ६० किलोच्या माणसाला बहुतेक औषधांचे १२ मिली, दुप्पट तीव्रतेचं असेल तर ६ मिली. म्हणून वजन अंदाजाने सांगू नका. किडनीचा त्रास, मधुमेह किंवा जास्त वय असेल तर सीरम क्रिएटिनिनचा (किडनीसाठीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जवळ ठेवा. त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, ३० च्या खाली असेल तर औषध द्यायचं का, कोणतं, हे रेडिओलॉजिस्ट ठरवतात. दिवस राहिलेले असतील किंवा नुसती शंका असेल तरी सांगा. गरोदरपणात कॉन्ट्रास्ट शक्यतो टाळतात.

मेंदू, मणका, सांधे यांच्या साध्या स्कॅनला उपाशी राहायची गरज नसते. पोटाच्या स्कॅनला, विशेषतः पित्तनलिकेच्या एमआरसीपीला, ४ ते ६ तास काही खायचं नाही. लहान मुलाला भूल देऊन स्कॅन करायचा असेल तर जेवण-दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे घ्या. सीटीच्या आयोडीनवाल्या औषधासाठी कुणाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी थांबवायला सांगितलेलं ऐकून लोक इथेही मनानेच ती बंद करतात. गॅडोलिनियमसाठी सहसा ते लागत नाही. मात्र उपाशी राहायचं असेल तर इन्शुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा आणि वेळ सकाळची मागा.

आता अंगावरचं. दागिने घरीच ठेवा. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण मंगळसूत्राच्या फाशातली स्प्रिंग बहुधा स्टीलची असते, आणि रेडिओलहरींनी कुठलाही धातू तापू शकतो. जोडवी निघत नसतील तर आदल्या रात्री साबणाच्या पाण्याने सोडवा. तरीही नाही निघाली तर लपवू नका, सांगा. पदराची, खांद्याची, निऱ्यांची पिन, केसांतल्या यू-पिना, ब्राचे हुक, ताईत, करदोट्यातलं पदक हे एकेक आठवून काढायचं. मस्कारा, आयलायनर आणि काही काजळांत लोहाचे रंगकण असतात, चेहरा धुऊन या. घामाचा वास येऊ नये म्हणून चांदीचे धागे विणलेले टीशर्ट-लेगिंग्ज मिळतात, त्यांनी त्वचा भाजल्याच्या नोंदी आहेत. सेंटरचा गाऊन घालणं सगळ्यांत बरं. दंडावरचा शुगर सेन्सर आणि औषधाच्या पट्ट्या यांच्याबद्दलही विचारा. काही पट्ट्यांच्या पाठीला ॲल्युमिनियम असतं.

पेशंटला तपासतात तसंच सोबतच्यालाही तपासायला हवं, आणि घोळ होतो तो बहुधा इथेच. चुंबक स्कॅनपुरतं सुरू होत नाही. द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेली मशीनमधली तारेची वेटोळी रात्री, रविवारी, वीज गेली तरी चुंबकच असतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस-चाळीस हजार पट. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा जीव गेला. मोबाइल, किल्ल्या, एटीएम कार्ड, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर सगळं दाराबाहेर. कोणी कितीही म्हणो, टेक्निशियनला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

आत टेबलावर झोपल्यावर हात छातीवर जुळवू नका, पायावर पाय टाकू नका. त्वचेला त्वचा टेकली की शरीरातच विजेचं वेटोळं तयार होतं आणि टेकल्या जागी भाजू शकतं. मांड्यांमध्ये, दंड आणि बरगड्यांमध्ये पॅड मागून घ्या. शरीरातल्या पाण्याच्या नि चरबीच्या हायड्रोजनला (१.५ टेस्लाच्या मशीनमध्ये ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) रेडिओलहरी देऊन परत येणारा क्षीण सिग्नल पकडायचा, हे या मशीनचं काम. म्हणूनच तो पकडणारी कॉइल, म्हणजे तारांचं वेटोळं, अंगालगत बांधतात. डोक्याच्या कॉइलचा पिंजरा नाकासमोर येतो, त्याने घाबरू नका. बोगदा ६० किंवा ७० सेंमीचा असतो. बंद जागेची भीती असेल तर मोठ्या बोगद्याचं मशीन आधीच विचारून ठेवा, डोळे मात्र आत जाण्यापूर्वीच मिटा. ठोकल्यासारखा आवाज मशीनमधल्या ग्रेडियंट नावाच्या कॉइलच्या कंपनांचा, १०० डेसिबलच्या वरही जातो. इअरप्लग खोलवर बसलाय ना, ते तपासून मगच आत जा.

चित्रं संचासंचाने घेतात, असा एकेक संच म्हणजे सिरीज ३ ते ५ मिनिटांची असते. मध्येच खोकलात किंवा मान वळवलीत तर त्या क्षणापुरतं चित्र बिघडत नाही, त्या सिरीजभर पडछाया उमटते आणि ती परत घ्यावी लागते. म्हणून आत जाण्याआधी लघवीला जाऊन या, खोकल्याचं औषध घ्या, कंबर दुखत असेल तर झोपवून घेतानाच गुडघ्याखाली उशी मागा. साध्या मेंदूच्या किंवा मणक्याच्या स्कॅनला २० ते ३० मिनिटं, कॉन्ट्रास्ट असेल तर आणखी १०-१५. हातातला रबरी बल्ब दाबला की टेक्निशियन बोलतो. अंगाला कुठे चटका जाणवला तर ‘सहन होतंय’ म्हणत थांबू नका, लगेच दाबा.

कॉन्ट्रास्टनंतर अर्धा तास तिथेच बसा. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली किंवा दम लागला तर लगेच सांगायचं. सलाइनची सुई काढून घ्या आणि निघताना सीडीवर नाव, वय नि बाजू बरोबर लिहिली आहे का, ते काउंटरवरच वाचून पाहा.