राणीच्या बागेसारख्या जुन्या बागेचा जीर्णोद्धार : आधी जमिनीची मूळ पातळी शोधा

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून. पिंजरे नंतर आले. त्यामुळे इथे पहिला मान गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती अशा जुन्या झाडांचा. अशा बागांमध्ये झाडांना मारतो तो वर्षानुवर्षं चढत गेलेला थर : मुरमावर डांबर, त्यावर पेव्हर ब्लॉक, बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा आणि कट्ट्यात भरलेली माती. मुळांची हवा तुटते, साल कायम ओली राहून कुजते आणि वरून हिरवंगार दिसणारं झाड जूनच्या वाऱ्यात आडवं होतं.

जुने नकाशे आणि फोटो जमवाच, पण मूळ पातळीची पक्की खूण जागेवरच सापडते. जुन्या बांधकामाचं जोतं किंवा दगडी पायरी किती बुडाली आहे ते मोजा. झाडाचा बुंधा तळाशी पसरलेला असतो. तो खांबासारखा सरळ जमिनीत शिरत असेल तर वर भराव आहे असं समजा.

भराव उतरवण्याचं काम पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत करा. उन्हाळ्यात उघडी पडलेली मुळं वाळतात. बुंध्याजवळ जेसीबी किंवा ब्रेकर आणू नका, छिन्नी-हातोडीच बरी. चहूबाजूंनी निदान १ मीटर जागा मोकळी करा. मोठ्या झाडाला जितकी देता येईल तितकी द्या. माती खुरप्याने आणि हाताने काढा, बोटाएवढं जाड मूळ तोडू नका. भराव फार जुना असेल तर त्यात नवी मुळं धरलेली असतात, म्हणून तो दोन हंगामांत थोडा थोडा उतरवा. मग ५ ते ८ सेंमी पालापाचोळा पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब.

जुन्या दगडी कामातल्या दगडांमधल्या फटी सिमेंटने भरू नका. सिमेंट ओल कोंडतं, क्षार दगडातून बाहेर पडतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मुरवलेला चुना १ भाग आणि वाळू व सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) मिळून ३ भाग घ्या, आणि निदान आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा.

छाटणीला वृक्ष प्राधिकरणाची आणि वारसा बांधकामाला हेरिटेज समितीची परवानगी आधीच घ्या. पहिल्या पावसात बुंध्याशी पाणी दिवसभर साचलं, तर माती परत भरू नका; रस्त्याचा उतार बदला.