जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातले गंजलेले बोल्ट न मोडता कसे काढावेत

कित्येक वर्षं न उघडलेल्या इंजिनात बोल्ट दोन प्रकारे जाम होतात. पाना हातात घेण्याआधी आपल्यासमोर कुठला प्रकार आहे ते ओळखा. सायलेन्सरच्या नळीचे नट पोलादी स्टडवर, म्हणजे डोकं नसलेल्या आटेदार दांड्यावर, बसलेले असतात. तिथे साधा तांबडा गंज असतो. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये असेल, तर मात्र ओलावा मिळताच दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आट्यांत ठासून बसते आणि स्क्रूला आवळून धरते. असा स्क्रू वरून अगदी चकचकीतही दिसेल. फसू नका.

१. साफसफाई आणि तेल
वायर ब्रशने आजूबाजूची घाण काढा. स्क्रूच्या खाचेतला वाळलेला चिखल आणि रंग दाभणाने टोकरून काढा, नाहीतर स्क्रूड्रायव्हरचा बिट (टोक) तळापर्यंत बसणारच नाही. मग गंज सोडवणारं तेल मारा. नेहमीचं डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. हट्टी बोल्टसाठी पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळणारं तेलच बरं. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात मिसळूनही अनेक जण वापरतात. ते वापरण्याआधी हलवा आणि रंगापासून व आगीपासून लांब ठेवा. संध्याकाळी तेल, डोक्यावर हातोडीच्या चार टिचक्या, सकाळी पुन्हा तेच. दोन-तीन दिवस जाऊ द्या.

२. नेमकं हत्यार
सहा कोनांचा सॉकेट वापरा. बारा कोनांचा सॉकेट गंजून झिजलेलं डोकं लगेच गोल करतो. जुन्या जपानी गाड्यांचे फुलीच्या खाचेचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. त्यांच्या डोक्यावर बऱ्याचदा बारीक ठिपका दिसतो. त्यांत फिलिप्स म्हणजे नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर घातला की तो वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ ही जुनी ब्रिटिश इंची मापं भेटतात. त्या पान्यांवरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. 'जवळपास बसतोय' म्हणून मिलिमीटरचा पाना लावणं म्हणजे डोकं गोल करण्याची हमी.

स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इंपॅक्ट ड्रायव्हर घ्या. बिट खाचेत सरळ बसवा, हाताने डावीकडे ताण धरून ठेवा आणि मग एकच दणदणीत घाव घाला. त्या धक्क्याने बिट खाचेत दाबलाही जातो आणि फिरतोही.

३. उष्णता
माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून बोल्ट न तापवता त्याच्याभोवतालचं केसिंग हीट गनने तापवा. पाण्याचा थेंब टाकताच चरचरून उडाला की उष्णता पुरेशी झाली. ॲल्युमिनियमवर उघडी ज्योत नको, कारण ते वितळण्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. पोलादी नट पोलादी स्टडवर असेल, तर मात्र ब्लो टॉर्चने नटच तापवा, किंचित निवू द्या आणि मेणबत्तीचं टोक टेकवा. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं.

हे करण्याआधी टाकी आणि कार्बोरेटर उतरवून दूर ठेवा, मारलेलं तेल पुसून घ्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत अजिबात नेऊ नका. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

४. फिरवणं
आधी अगदी किंचित आवळा, मग सोडा. 'कट्' असा कोरडा आवाज आला तर बोल्ट सुटला. पण पाना रबरासारखा मऊ वळत गेला आणि आवाजच नाही, तर बोल्ट पिळवटतोय. तिथेच थांबा आणि पुन्हा तेल, पुन्हा उष्णता. सुटल्यावरही एका दमात काढू नका. पाव फेरा बाहेर, थोडा आत, तेल, असं करत आणा.

५. तरीही मोडलाच तर
कव्हरच्या स्क्रूची खाच गेली असेल, तर डोकं ड्रिलने उडवा आणि कव्हर काढून घ्या. ताण गेलेला असल्याने उरलेला दांडा बऱ्याचदा ग्रिप प्लायरने सहज फिरतो. दांडा पृष्ठभागालगत तुटला असेल, तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते. नाहीतर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या फिरकीच्या ड्रिल बिटने भोक पाडा. ईझी-आउट, म्हणजे अशा भोकात उलटा फिरवून दांडा काढायचं हत्यार, त्यापासून मी लांबच राहतो. तो कडक पोलादाचा असतो आणि आत मोडला की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. आटे गेलेच असतील, तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येते.

६. परत बसवताना
भोकातले आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) हलक्या हाताने साफ करा आणि नव्या बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावा. स्टेनलेसचे बोल्ट घेतले तरी ते लावाच, कारण ॲल्युमिनियमला स्टेनलेसही खातं. वंगण लावलेला बोल्ट तेवढ्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) जास्त ताणला जातो, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी आवळा. सायलेन्सरच्या स्टडवर पितळी नट टाका. ते गंजून स्टडला चिकटत नाहीत.