एकाच आयसीवर वाद्य अडकवू नका

इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा छोटा सिंथ (सिंथेसायझर) घरी बनवून विकत असाल, तर आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळालेली आयसी (चिप) पुढच्या खेपेलाही मिळेल असं धरून चालू नका.

बोर्ड आखतानाच पर्यायाची जागा ठेवा. ड्युअल ऑप-अँप म्हणजे सिग्नल वाढवणारे किंवा पुढे देणारे दोन अँप्लिफायर असलेली आठ पायांची आयसी. तिच्या डीआयपी (पाय भोकांत घालायच्या) पॅकेजच्या दोन रांगांमध्ये एसएमडीचे (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायच्या छोट्या पॅकेजचे) पॅड बसवता येतात. मग जे पॅकेज हाती येईल ते लावा. टीएल०७२, एनई५५३२ आणि ४५५८ या ड्युअल ऑप-अँप आयसींच्या पायांची मांडणी एकच आहे. पण पाय जुळले म्हणजे काम जुळलं, असं नाही! एनई५५३२चा इनपुट जास्त करंट ओढतो. सुराचं व्होल्टेज कपॅसिटरवर धरून ठेवणाऱ्या सॅम्पल-होल्ड सर्किटमध्ये ती आयसी लावलीत तर सूर हळूहळू सरकतो, आणि गाणाऱ्याचा कान ते लगेच पकडतो.

एकदा मला टीएल०७२ म्हणून वेगळंच काही मिळालं होतं, नाव मात्र त्याचंच. तेव्हापासून प्रत्येक खेपेतले दोन-तीन नग आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) तपासतो. आयसीतले दोन्ही ऑप-अँप बफर म्हणून जोडायचे, म्हणजे आउटपुट उणे इनपुटला, अधिक इनपुट ग्राउंडला, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट. खऱ्या टीएल०७२ला सप्लायमधून साधारण ३ मिलिअँपिअर करंट लागतो. अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास दिसलं, तर ती बहुधा कमी करंटवाली टीएल०६२ असते. हे तपासेपर्यंत बिल जपून ठेवा.

चांगली खेप मिळाली की वर्षभराचा साठा करा. मुंबईच्या पावसाळ्यात आयसीचे पाय काळवंडतात आणि सोल्डर धरत नाहीत, म्हणून सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा. डब्यावर खरेदीची तारीख आणि दुकान लिहा.