कंबरेचा एक्स-रे वाचताना मणक्यांच्या पुढेही बघा

आंबा उतरवायचे दिवस सरत आले की आमच्या देवगडकडच्या ओपीडीत कंबर धरलेल्यांची रांग लागते. साठी उलटलेले आजोबा लंबर स्पाइनच्या, म्हणजे कंबरेच्या मणक्यांच्या, दोन फिल्म घेऊन येतात: एक समोरून, एक बाजूने. मणक्यांची झीज सगळेच वाचतात, मणक्यांच्या पुढची जागा मात्र तशीच राहते. पोटातल्या महाधमनीच्या, म्हणजे हृदयाकडून येणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भिंतीत साठलेलं कॅल्शियम तिथेच दिसतं.

सुरुवात बाजूच्या फिल्मपासून करा. समोरच्या फिल्मवर मणके आणि आतड्यातला वायू बरंच झाकून टाकतात. एल१ ते एल४, म्हणजे कंबरेच्या वरच्या चार मणक्यांच्या पुढे, कण्याला समांतर, तुटक पांढऱ्या रेघा शोधा. भिंती दोन, म्हणून रेघाही दोन. पण बऱ्याचदा एकच उमटते. एल४ च्या आसपास महाधमनीला फाटा फुटतो. त्याखाली ओटीपोटात रुळांसारखी जोडी दिसली तर त्या इलियाक धमन्या, म्हणजे पायांकडे जाणारे तेच दोन फाटे. मधुमेही आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये असे रूळ विशेष दिसतात. डाव्या बरगड्यांखाली नागमोडी दुहेरी रेघ असेल तर ती प्लीहेची धमनी. म्हातारपणी सहसा निरुपद्रवी.

रेघ मणक्याच्या कडेलाच चिकटलेली असेल तर ते हाड वाढलेलं आहे. ओटीपोटात तळाशी गोल ठिपका, मध्ये फिकट, तर बहुधा फ्लेबोलिथ, म्हणजे शिरेतला छोटा खडा. मुतखडा सुटा आणि भरीव दिसतो. बाजूच्या फिल्मवर मूत्रपिंडातला खडा मणक्यांवरच पडतो, त्यांच्या पुढे नाही.

आता रुंदी. हे सोडू नका. दोन्ही भिंती दिसत असतील तर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पट्टी लावा. महाधमनी साधारण २ सेंमी असते. ३ सेंमी किंवा जास्त म्हणजे फुगा, महाधमनीची भिंत फुगून आलेली (अॅन्युरिझम). एक्स-रेवर सगळं थोडं मोठं दिसतं, म्हणून खरं माप सोनोग्राफीतच घ्यायचं. एकच रेघ असेल आणि ती पुढे किंवा डावीकडे कमानीसारखी वाकली असेल, तरी सोनोग्राफी सांगा. फिल्म स्वच्छ आहे म्हणून फुगा नाही असं मात्र धरू नका. कॅल्शियम नसलेला फुगा एक्स-रेवर दिसतच नाही.

एका पेशंटला मी फार जपतो: आयुष्यभर बिडी ओढलेले आजोबा, डाव्या कुशीत अचानक कळ, आणि नातेवाईक म्हणतात, "मुतखडोच असतलो." साठीनंतर पहिल्यांदाच आलेली अशी कळ फुटत चाललेल्या फुग्याचीही असू शकते. घाम, पडलेलं बीपी किंवा पोटात धडधडणारी गाठ असेल तर फिल्मसाठी खोळंबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात पाठवा.

कॅल्शियम किती, हे मोजायला कौपिला यांची १९९७ ची पद्धत आहे. चार मणक्यांसमोर पुढची आणि मागची भिंत वेगवेगळी बघायची, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण २४. आमच्या गर्दीत ते जमत नाही. रिपोर्टात एवढं लिहिलं तरी पुरतं: कुठल्या मणक्यांसमोर, एक भिंत की दोन्ही, रुंदी किती. सोबत बीपी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), कोलेस्टेरॉल तपासायला सांगा आणि बिडीचं विचारा.